विश्लेषण : गवत कापण्याचे यंत्र अचानक धूर का सोडू लागते?

पावसाळा ओसरू लागला की सोसायट्यांची हिरवळ, शाळांची मैदाने, रिसॉर्टची आवारे अशा ठिकाणी लॉन मोअर पुन्हा बाहेर निघतात. कालपर्यंत नीट चाललेले यंत्र आज दोरी ओढताच पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट सोडते आणि ‘रिंग-पिस्टन गेले, इंजिन खोलावे लागेल’ हा निकाल अनेकदा तपासणीआधीच लागतो. धूर अचानक आला असेल, तर त्याचे कारण बहुतेक वेळा इंजिन न खोलताही सापडते.

धूर कशाचा, हे कसे ओळखायचे?

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. अशा वेळी चोक उघडायचा राहिलेला असतो किंवा एअर फिल्टर गवताच्या भुशाने बुजलेला असतो. फिल्टर साफ केला किंवा बदलला की काम भागते. निळसर किंवा दाट पांढरा धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण आहे. तो नेमका कुठून निघतो हेही पाहावे. ऑइल भरताना सांडलेले थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडले तरी असाच धूर होतो. तो काही मिनिटांत आपोआप थांबतो. सायलेन्सरच्या तोंडातूनच धूर येत असेल तर पुढची चौकशी करावी लागते.

‘अचानक’ या शब्दाला इतके महत्त्व का?

पिस्टनच्या रिंग एका रात्रीत झिजत नाहीत. त्या झिजू लागल्या की ऑइल वरचेवर कमी होते, ताकद उतरते, धूर थोडा थोडा वाढत जातो. म्हणून एकदम धूर आला, तर पहिला प्रश्न यंत्राला नव्हे, ते हाताळणाऱ्याला विचारायला हवा : धूर येण्याआधी यंत्राचे काय केले होते?

सर्वाधिक आढळणारे उत्तर म्हणजे, पात्याला चिकटलेले ओले गवत काढण्यासाठी यंत्र आडवे केले होते. चार स्ट्रोकच्या लॉन मोअरमध्ये ऑइल इंजिनच्या तळाशी असते. यंत्र चुकीच्या कुशीवर कलंडले की ते सिलिंडरमध्ये, सायलेन्सरमध्ये किंवा ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोहोचते. असे झाले असल्यास यंत्र सपाट जागेवर ठेवून ऑइलची पातळी पाहावी, कमी असेल तर भरावी, फिल्टर ऑइलने भिजला असेल तर बदलावा आणि इंजिन मोकळ्या हवेत चालू ठेवावे. पाच-दहा मिनिटांत धूर विरतो. पुढच्या वेळी यंत्र कलते करताना कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर राहील, हे पाहावे. तत्पूर्वी प्लगची टोपी काढणे आवश्यक आहे. पाते हाताने फिरवले तरी इंजिन चालू होऊ शकते.

दुसरे उत्तर ऑइल बदलण्याचे. लॉन मोअरच्या इंजिनात साधारण अर्धा लिटर, फार तर ६०० मिली ऑइल मावते. मोटारसायकलच्या सवयीने लिटरभराची बाटली रिकामी केली, तर जास्तीचे ऑइल ब्रीदरमधून कार्ब्युरेटरकडे जाते आणि जळू लागते. जादा ऑइल काढले की प्रश्न मिटतो.

ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल तर?

ही सर्वांत धोक्याची स्थिती आहे. कोणी ऑइल घातलेले नाही, तरी मोजपट्टीवर पातळी वर दिसते, ऑइल पाण्यासारखे पातळ लागते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. याचा अर्थ कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि बंद यंत्रातही टाकीतले पेट्रोल झिरपत इंजिनात उतरते आहे. बरेच महिने पेट्रोल भरून ठेवलेल्या यंत्रात हे हमखास घडते. पेट्रोल शिळे होते, त्याचा चिकट थर सुईवर बसतो. हल्ली पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे साठवलेले पेट्रोल खराब होण्यास आणखी मदत होते.

अशा इंजिनाला चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. पेट्रोल मिसळलेले ऑइल वंगणाचे काम करू शकत नाही आणि धूर जाण्याची वाट पाहताना चांगले इंजिन जाम होते. दोरी ओढताना मध्येच घट्ट अडत असेल, तर सिलिंडर पेट्रोलने भरलेला असू शकतो. जोर लावू नये. कार्ब्युरेटर साफ करून सुई बदलावी, मग ऑइल पूर्ण बदलावे. नुसते ऑइल बदलले, तर दोन दिवसांत पुन्हा तेच.

मेकॅनिककडे केव्हा जावे?

यंत्र आडवे केलेले नाही, ऑइल योग्य पातळीवर आहे, पेट्रोलचा वास नाही, तरीही धूर थांबत नाही, तर ब्रीदरची झडप किंवा हेड गॅस्केट तपासून घ्यावे. गॅस्केट फुटले तरी धूर एकाएकी येतो, बरेचदा ताकदही घटते. मात्र गॅस्केट बदलणे हे रिंग-पिस्टनच्या कामापेक्षा बरेच लहान काम आहे. त्यामुळे ‘इंजिनचे काम निघाले’ असे ऐकल्यावर गॅस्केट पाहिले का, हे विचारण्यात संकोच नसावा.

खांद्यावरच्या ग्रास कटरचे काय?

कोकणात आंबा-काजूच्या बागांत चालणारे अनेक ग्रास कटर दोन स्ट्रोकचे असतात. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यामुळे थोडा निळसर धूर नेहमीचाच. तो एकदम वाढला तर नवे मिश्रण कोणी आणि कसे केले, हे पाहावे. कंपनीने ५०:१ सांगितले असेल तर लिटरला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने बाटलीचे टोपण भरून ओतण्याची पद्धत इथे नडते. धूर नको म्हणून ऑइल कमी घालणे त्याहून महागात पडते, कारण या इंजिनात वंगणासाठी दुसरे ऑइल नसतेच आणि धूर न दिसताही पिस्टन चिकटतो.