मणिकर्णिकेवरची माणसं कुठे गेली?

चित्रकार प्रभाकर बरव्यांचं बनारस या आठवड्यात सांगणार होतो; ते पुढच्या अंकात. मध्येच एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. चित्रकार रामकुमार यांची बनारसची चित्रं पाहून त्या विचारतात, की हा जर मणिकर्णिकेचा, म्हणजे तिथल्या स्मशानघाटाचा परिसर असेल, तर चिता कुठे आहेत आणि माणसं कुठे आहेत? या प्रश्नाला अख्खा लेख द्यायलाच हवा.

मणिकर्णिकेवर माणसांना तोटा नाही. लाकडांच्या उंच थप्प्या, काट्यावर तोलले जाणारे ओंडके, गल्लीतून ‘राम नाम सत्य है’ म्हणत उतरणाऱ्या तिरड्या, बांबूनं चिता सारखी करणारे डोम, मुंडन करून बसलेले मुलगे. रात्रंदिवस हेच. धुरानं देवळांचे दगड काळवंडलेत. पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या बुडतात आणि दहन वरच्या गच्चीवर होतं. अहिल्याबाई होळकरांचं नाव जिथे आजही आदरानं घेतलं जातं, तो हा घाट.

रामकुमार १९६० मध्ये इथे आले ते चित्रकार मित्र हुसेन यांच्यासोबत. मुक्काम प्रेमचंदांचे चिरंजीव श्रीपत राय यांच्या घरी. दिवसभर दोघं वेगवेगळ्या वाटांनी रेखाटनं करत हिंडायचे आणि संध्याकाळी भेटायचे. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी माणूस पुढे जन्मभर सोडला नाही. रामकुमार यांच्या चित्रातून मात्र तो या प्रवासानंतर निघून गेला.

हे नवल का, तर त्याआधीचे रामकुमार माणसांचेच चित्रकार होते. पन्नासच्या दशकातली त्यांची चित्रं आठवा: शहरातले बेकार पदवीधर, खांदे पडलेले कारकून, मोठ्या डोळ्यांचे उदास चेहरे. पॅरिसला ते आंद्रे लोत आणि फर्नां लेजे यांच्याकडे शिकले. बनारसची चित्रं म्हणजे तिथल्या घनवादाचा उशिरा उमटलेला परिणाम, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. आकारांचे तुकडे पाडायची रीत त्यांच्या हाती पॅरिसपासूनच होती, पण त्याच रीतीनं ते दहा वर्षं माणसं रंगवत होते. माणूस गेला तो बनारसमध्ये.

माझं म्हणणं असं, की तो चित्राबाहेर गेला नाही, घरांत शिरला. साठ-एकसष्टची चित्रं जवळून पाहा. घरं एकमेकांना रेटत उभी आहेत, तिरडीमागच्या गर्दीसारखी. खिडक्या म्हणजे नुसती काळी भोकं. राखेचा करडा, चिखलाचा तपकिरी आणि कोळशाचा काळा, एवढ्याच रंगांत सारं शहर. चिता दाखवलेली नाही. तिची राख सगळीकडे आहे. एका कारकुनाचं दुःख एका चेहऱ्यावर मावत होतं. मणिकर्णिकेवर दर तासाला नवा चेहरा येतो. त्यातला कोणता निवडायचा?

शिवाय नावेतून पाहिलं तर घाट असाच दिसतो. प्रवाहाच्या मध्यावर गेलं की माणसं ठिपक्याएवढी होतात आणि उरतात दगडाचे आडवे पट्टे, त्यांवर उभ्या भिंती आणि कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ. रामकुमार पुढे वारंवार बनारसला परतले. हळूहळू घरंही विरली, रंग मोकळे झाले, निळा-हिरवा आला. २०१८ मध्ये ते गेले, पण माणूस तसा परतला नाही.

चित्रकार मनू पारेख वडिलांच्या निधनानंतर याच शहरात आले आणि त्यांना दिसली रात्र: दिवे, फुलं, लखलखती देवळं. त्यांच्यावर सविस्तर लिहायचं आहेच, पण आधी बरवे. जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेला हा तरुण १९६१ मध्ये, म्हणजे रामकुमारांच्या पाठोपाठच, विणकर सेवा केंद्रातल्या नोकरीसाठी बनारसला पोचला. तिथे त्याची गाठ तंत्रमार्गातल्या आकृत्यांशी पडली. घरात बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक असेल त्यांनी ते काढून ठेवावं. पुढच्या आठवड्यात लागेल.