एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स

आपल्या दुकानात किंवा कारखान्यात संगणक बहुधा एकच असतो. विक्रीचा हिशेब, उधारीची खाती, मालाचा साठा, सारे त्यातच आणि सारे विंडोजवर. घरातला मुलगा संगणकाचे शिक्षण घेऊ लागला की त्याला लिनक्स हवी असते. नवा संगणक घ्यावा तर खर्च, आणि त्याच डिस्कचे भाग पाडून लिनक्स बसवावी तर एका चुकीने खाती पुसली जाण्याची धास्ती. या पेचातून निघण्याचा एक मार्ग आम्ही व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

लिनक्सचे काम हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केले. विंडोजच्या आतच ती चालविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये दिली. तिचे नाव डब्ल्यूएसएल. पहिली आवृत्ती दुभाष्याचे काम करी. लिनक्स प्रोग्रामची मागणी विंडोजला समजेल अशी करून देई. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचा खरा गाभाच विंडोजच्या पोटात चालतो. डिस्कचे भाग पाडावे लागत नाहीत आणि हिशेबाचे पॅकेज होते तसेच राहते.

बसविणे सोपे आहे. विंडोज ११ वर 'पॉवरशेल' अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे. 'डब्ल्यूएसएल' ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून 'इन्स्टॉल' असे टाइप करावे. संगणक पुन्हा सुरू केला की उबुंटू ही लिनक्स तयार होते. डब्ल्यूएसएल आणि उबुंटू दोन्हींना पैसे पडत नाहीत. मात्र ही व्यवस्था एरवी संगणकाची निम्मी मेमरी वापरू शकते. ४ जीबीच्या जुन्या यंत्रावर ओढाताण होईल.

दोन धोके ध्यानात ठेवावेत. लिनक्समधून विंडोजची 'सी' ड्राइव्हही दिसते. तेथे पुसलेली फाइल खरोखरच जाते. तसेच 'अनरजिस्टर' ही आज्ञा दिली, तर लिनक्समधील सारे काम नष्ट होते. म्हणून त्या कामाची प्रत 'एक्सपोर्ट' करून ठेवावी.

आमचा सल्ला एवढाच की, आधी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, ती दुकानाबाहेर ठेवावी आणि मगच मुलाला संगणकापुढे बसवावे. त्याचे शिक्षणही होईल आणि खातीही शाबूत राहतील.