जुन्या फटफटीचा रोग आणि त्याचें निदान

गोरेगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. वडील माणसास गोंदियाच्या रुग्णालयांत न्यावयाचें असो, मुलीस परीक्षेच्या केंद्रावर पोंचवावयाचें असो, कीं धानाच्या बांध्या पाहून यावयाच्या असोत, घरांतील एका जुन्या फटफटीवर साऱ्या कुटुंबाची भिस्त असते. ती बहुधा दुसऱ्याकडून घेतलेली असते आणि नेमकी अडचणीच्या वेळींच बंद पडते. मग ‘कार्बोरेटर गेला’ असा निकाल लागून नव्या कार्बोरेटरचा खर्च माथीं बसतो. आमचें सांगणें एवढेंच कीं, पेट्रोल ज्या वाटेनें जातें त्याच वाटेनें क्रमाक्रमानें शोध घ्यावा. पुष्कळ तक्रारींचें मूळ कार्बोरेटरच्या अलीकडेच सांपडतें.

आपल्या न्यायशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक यांस मोठें महत्त्व आहे. एखादी गोष्ट असतां दोष दिसतो आणि ती दूर होतांच दोषहि जातो, तेव्हां ती त्या दोषाचें कारण मानावी. हीच रीत येथें लावावयाची. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्यास गुण कशानें आला तें कधींच कळणार नाहीं.

आमच्या पुतण्यानें घेतलेली जुनी गाडी उत्तम सुरू होई, परंतु दोन-तीन किलोमीटर गेल्यावर घुटमळून थांबे. अर्धा घटका उभी ठेवली कीं पुन्हा चाले. एका कारागिरानें कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला दिला होता. पुढच्या खेपेस गाडी थांबतांच आम्हीं टाकीचें झांकण उघडावयास लावलें. आंत हवा शिरल्याचा आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली! झांकणाचें बारीक छिद्र धुळीनें बुजलें होतें. टाकींतून पेट्रोल उतरावयाचें तर त्याच्या जागीं हवा आंत यावयास हवी. ती न आल्यामुळें धार आटत होती. छिद्र मोकळें केल्यावर तक्रार उरली नाहीं.

झांकण निर्दोष असेल तर पुढची पायरी कॉकची. कार्बोरेटरकडील नळी काढून कांचेच्या बाटलींत धरावी व कॉक उघडावा. धार सलग पडली तर ठीक. थेंब थेंब पडल्यास कॉकमधील जाळी किंवा नळी तुंबली आहे असें समजावें. नंतर ती बाटली थोडा वेळ स्थिर ठेवावी. तळाशीं निराळा थर दिसल्यास पेट्रोलमध्यें पाणी आहे. तांबूस गाळ दिसल्यास टाकी आंतून गंजली आहे.

पाण्याची ही बाब आज अधिक महत्त्वाची झाली आहे. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ सालीं आपल्या राज्यांत मिरज व मनमाड येथें झाले. २०२५ पर्यंत हें प्रमाण २० टक्क्यांवर गेलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि पाण्याचें प्रमाण मर्यादेबाहेर गेलें कीं दोन्ही मिळून तळाशीं बसतात. कॉक तोच थर आधीं ओढतो. आमच्या भागांतील पावसाळ्यांत गाडी आठवडेच्या आठवडे पडवींत उभी राहते, तेव्हां हें ध्यानांत ठेवावें.

इतकें पाहूनहि दोष न गेल्यास मगच कार्बोरेटरकडे वळावें. त्याचें काम डांस मारण्याच्या हातपंपासारखें असतें: वेगानें जाणारी हवा पेट्रोल वर ओढून त्याचे तुषार करते. गाडी चोक लावला असतांच चालत असेल आणि चोक काढतांच बंद पडत असेल, तर मंद गतीचा बारीक जेट तुंबल्याचा संशय घ्यावा. पेट्रोल खालीं गळत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाहीं. प्लग काजळीनें काळा पडला व धूरहि काळा आला, तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी; तेव्हां आधीं हवेची जाळी पाहावी. प्लग पांढुरका पडल्यास पेट्रोल कमी पडतें. फिका तपकिरी रंग हें आरोग्याचें लक्षण होय. जेट पितळेचा असतो. त्यांत तार खुपसूं नये, छिद्र मोठें होतें. औषधी फवारा व हवेचा झोत पुरे.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटींतील पेट्रोल काढून टाकावें. तें उडून गेल्यावर मागें चिकट थर राहतो व तोच जेट बुजवितो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांस कार्बोरेटरच नाहीं. त्यांस हें शेवटचें प्रकरण लागू पडणार नाहीं.

एक गोष्ट मात्र सर्वांहून महत्त्वाची. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती जमिनीलगत दूरवर पसरते. म्हणून हें काम अंगणांत, इंजिन थंड असतां करावें. देवघरांतील समई, चूल व विडी यांपासून दूर. पेट्रोल तोंडानें ओढूं नये आणि पाण्याच्या बाटलींत भरून ठेवूं नये. भरल्या घरांत तहानलेलें मूल ती केव्हां उचलील याचा नेम नाहीं. कार्बोरेटर पुन्हा मिळतो.