नापास मुलाची तालीम

टेक्सासमधल्या एखाद्या सरकारी शाळेतली अकरावीची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या एकांकिकेत तिची मुख्य भूमिका आहे. जानेवारीपासून तालमी चालू आहेत, संवाद पाठ झालेत, हालचाली बसल्यात. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी प्रगतिपुस्तक हातात येतं. इंग्रजी 91, इतिहास 84, बीजगणित 68. उत्तीर्ण व्हायला तिथे 70 गुण लागतात. दोन गुण कमी पडले आणि मार्चच्या मध्यावर असलेल्या स्पर्धेत ती रंगमंचावर पाऊल ठेवू शकत नाही. बाकीच्या विषयांत ती कितीही हुशार असली, तरी त्याचा इथे उपयोग नाही.

या नियमाला तिथे ‘नो पास, नो प्ले’ म्हणतात. पास नाही तर खेळ नाही. नावातच खेळ आहे, कारण तो जन्मला खेळाच्या मैदानावर. टेक्सासमध्ये शालेय फुटबॉलचं वेड मोठं. शुक्रवारच्या रात्रीच्या सामन्यांपुढे वर्गातला अभ्यास मागे पडतो, अशी तक्रार होती. 1983 मध्ये गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी शिक्षणाच्या पाहणीसाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद उद्योगपती रॉस पेरो यांच्याकडे दिलं. त्यातून 1984 मध्ये ‘हाउस बिल 72’ हा मोठा शिक्षण-सुधारणा कायदा आला. प्राथमिक वर्गांतली पटसंख्या 22 वर रोखणं, शिक्षकांची परीक्षा घेणं अशा तरतुदींबरोबर त्यात ही पात्रतेची अटही होती. एका विषयात नापास झालेला विद्यार्थी सहा आठवडे कोणत्याही अवांतर उपक्रमात भाग घेऊ शकणार नाही, असं ठरलं.

राज्यभर गदारोळ झाला. पालक न्यायालयात गेले. 1985 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. अवांतर उपक्रमात भाग घेणं हा मूलभूत हक्क नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. 1986 च्या निवडणुकीत व्हाइट हरले. त्या पराभवामागे फुटबॉल प्रशिक्षकांची नाराजीही होती, असं तिथे आजही सांगितलं जातं. नियम मात्र टिकला. 1995 मध्ये बंदीचा काळ सहा आठवड्यांवरून तीनवर आला, आणि आज तोच चालू आहे.

फुटबॉलसाठी विणलेल्या या जाळ्यात नाटकही आलं. टेक्सासमध्ये शालेय एकांकिका ही साधी गोष्ट नाही. शाळांच्या स्पर्धा चालवणारी ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग’ ही संस्था 1910 पासून टेक्सास विद्यापीठाशी जोडलेली आहे. तिच्या एकांकिका स्पर्धेत हजाराहून अधिक शाळा उतरतात. प्रयोगाला 40 मिनिटं, नेपथ्य लावायला सात आणि उतरवायला सात. मार्चमध्ये स्थानिक फेऱ्या सुरू होतात आणि पायरी-पायरीने चढत राज्य पातळीपर्यंत जातात. ज्यांनी आपल्याकडच्या आंतरशालेय किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पाहिल्यात, त्यांना विंगेतली ती धडधड ओळखीची वाटेल. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुलंही याच शाळांत शिकतात. त्यामुळे हा नियम काही मराठी घरांतल्या जेवणाच्या टेबलापर्यंतही पोचलेला आहे.

आता आपल्या मुलीचं काय होतं ते पाहू. गुणांचं सत्र संपलं त्या दिवसापासून सात दिवसांची सवलत असते. ती संपली की बंदी लागू होते. नव्या सत्राचे तीन आठवडे झाले की शिक्षक पुन्हा गुण बघतात. सगळ्या विषयांत ती पास असली, तर आणखी सात दिवसांनी बंदी उठते. म्हणजे प्रत्यक्ष बंदी तीन आठवड्यांची. बीजगणिताची वही उघडून बसली तर ती मार्चच्या अखेरीस परत येऊ शकते. पण तिची फेरी मार्चच्या मध्यावर आहे. तिच्या जागी बदली कलाकार उभी राहील.

या नियमातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. बंदीच्या काळात प्रयोग करता येत नाही, पण तालीम करता येते. मुलगी रोज तालमीला जाऊ शकते, आपल्या जागी आलेल्या मुलीला हालचाली दाखवू शकते, प्रॉम्प्टिंग करू शकते. तिचा गट तिच्यापासून तुटत नाही. शिवाय शाळेच्या वेळेबाहेर एका उपक्रमाची तालीम आठवड्याच्या पाच दिवसांत मिळून आठ तासांपेक्षा जास्त घ्यायची नाही, असंही बंधन आहे. अभ्यासाला वेळ उरावा ही जबाबदारी त्यामुळे एकट्या मुलावर पडत नाही, शाळेवरही पडते.

दुसरा बारकावा नाटकाच्या स्वरूपाचा. टेक्सासमध्ये बारावी पूर्ण करायला कला विषयाचं एक क्रेडिट लागतं आणि नाट्य हा विषय त्यासाठी चालतो. तो वेळापत्रकातला, गुण असलेला विषय आहे. मग वर्गाचं नाटक अभ्यास मानायचं की अवांतर? नियमाने रेघ ओढली आहे. लोकांसमोर सादरीकरण हा त्या अभ्यासक्रमाचाच लेखी भाग असेल, प्रयोग शाळेतच असेल, तिकीट नसेल आणि स्पर्धा नसेल, तर नापास विद्यार्थीही त्यात काम करू शकतो. स्पर्धा आली किंवा तिकीट लागलं की बंदी आली. म्हणजे तीच मुलगी, तीच भूमिका, तेच संवाद. वर्गाच्या मोफत प्रयोगात ती उभी राहू शकते, स्पर्धेत नाही.

नियमात अन्यायाच्या जागाही आहेत. कठीण, प्रगत अभ्यासक्रमांना सूट आहे. मुलांनी पात्रता जाईल या भीतीने सोपे विषय निवडू नयेत, हा त्यामागचा विचार. पण परिणाम असा होतो की प्रगत गणितात नापास झालेला मुलगा रंगमंचावर राहतो आणि साध्या गणितात नापास झालेली मुलगी विंगेत. ज्यांना घरी शिकवणारं कोणी नाही, अशी मुलं बहुतेक साध्या वर्गांतच असतात. कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. तिथे सातवी ते बारावीच्या मुलांना एकूण सरासरी चारपैकी दोन, म्हणजे ‘सी’ श्रेणी, राखावी लागते. एका विषयातलं अपयश दुसऱ्या विषयातल्या यशाने भरून निघू शकतं. सरासरी घसरली तरी जास्तीत जास्त एक सत्र परीक्षाधीन म्हणून भाग घेऊ देण्याची मुभा शाळांना आहे. मला ही पद्धत अधिक माणुसकीची वाटते.

कारण नाटक मुलाच्या अभ्यासाचा शत्रू आहे, हे गृहीतच कच्चं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जेम्स कॅटरॉल यांनी 1999 मध्ये 25 हजारांवर विद्यार्थ्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाटकात सातत्याने असलेल्या मुलांची वाचनक्षमता अधिक वाढलेली त्यात दिसली. नाटकामुळेच ती वाढली, असं यावरून सिद्ध होत नाही. पण संवाद पुन्हा पुन्हा वाचणारं, दुसऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकणारं, वेळेवर प्रवेश घेणारं मूल काही शिकत नाही, असं कोण म्हणेल?

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात. शास्त्रीय कला आणि लोककलांसाठीही तशी सवलत आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय राज्य बालनाट्य स्पर्धा घेतं. कलेला निकालात जागा द्यायला आपण तयार आहोत. पण गॅदरिंगच्या नाटकात कोण राहील आणि कोण जाईल, हे आपल्याकडे कुठे लिहिलेलं असतं? सहामाहीत दोन विषय गेले की वर्गशिक्षिका हळूच नाव काढतात. नववी लागली की बाबा सांगतात, ‘आता नाटकं बंद.’ दहावीला तर विचारायचंच नाही. मुलाला किती गुण मिळवले की परत येता येईल हे कोणी सांगत नाही. तालमीच्या खोलीचं दारही त्याच दिवशी बंद होतं.

टेक्सासचा नियम कडक आहे, पण लिहिलेला आहे. म्हणून त्याविरुद्ध न्यायालयात जाता आलं, सहा आठवड्यांचे तीन करता आले. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध मूल कुठे दाद मागणार?

म्हणून शाळांना, मुख्याध्यापकांना आणि घरातल्या मोठ्यांना कळकळीची विनंती आहे. अभ्यासाची अट घालायची तर जरूर घाला, पण ती वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर लिहा, मुलाच्या हातात द्या. मागे पडलेल्या विषयाला शिकवणारं कोणी बरोबर द्या. परतीची तारीख सांगा. आणि प्रयोग थांबवावा लागला तरी तालीम थांबवू नका. दोन गुण कमी पडलेल्या मुलाला त्या खोलीची सर्वांत जास्त गरज असते.