उलटी तबकडी आणि सरळ कान

गाण्याची तबकडी उलटी फिरवली की तिच्यातून गुप्त संदेश ऐकू येतो आणि तो ऐकणाऱ्याच्या मनाचा नकळत ताबा घेतो, असा एक समज गेली पन्नासहून अधिक वर्षे जगभर फिरतो आहे. पूर्वी त्यासाठी तबकडी हाताने मागे फिरवावी लागे. आता खिशातल्या मोबाइलवर कोणाचेही भाषण क्षणात उलटे करता येते. म्हणून या समजाची शहानिशा प्रत्येक श्रोत्याने स्वतः करून घेणे अगत्याचे झाले आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झालेले. तेव्हा शास्त्राचा अधिकारी म्हणून नव्हे, तर कामगारांच्या सभा घेण्यात आणि अफवांशी झुंजण्यात आयुष्य घालवलेला एक कार्यकर्ता म्हणून मी हा विषय आपल्यापुढे मांडतो.

उलट वाचण्याची हौस आपल्याला नवी नाही. सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या सूर्यकवीने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. त्यातील अक्षरे सरळ वाचली तर रामकथा, उलट वाचली तर कृष्णकथा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिणारा सूर्य पंडित तो हाच. आपल्या मुलांचे 'चिमा काय कामाची' हे वाक्यही याच जातीचे आहे.

परंतु अक्षर उलटणे निराळे आणि आवाज उलटणे निराळे. 'का' हे अक्षर एक दिसते, पण त्यात आधी 'क्' आणि मग 'आ' असे दोन ध्वनी आहेत. कागदावर 'का' हा 'का'च राहतो. यंत्र मात्र 'आ' आधी व 'क्' नंतर ऐकवते. 'चिमा काय कामाची' ध्वनिमुद्रित करून उलटे लावा, 'ईचामाक याक आमिच' असे काहीतरी ऐकू येईल. 'राम' हा शब्द कागदावर उलटला तर 'मरा' होतो, यंत्रावर 'मार'!

शिवाय प्रत्येक आवाजाला चढउतार असतो. देवळातील घंटेचा टोल एकदम उठतो आणि हळूहळू विरतो. तो उलटा लावला की कोठून तरी वाढत येतो आणि एकाएकी तुटतो. बोलण्याचेही तसेच होते. अशा अनोळखी आवाजात मन ओळखीचे शब्द शोधू लागते.

वाल्या कोळ्याची गोष्ट येथे आठवावी. 'मरा मरा' असा जप करता करता 'राम राम' झाले. नीट पाहिले तर जपात काहीच उलटे झालेले नाही. म-रा-म-रा ही माळ तीच राहिली; शब्द कोठे तोडायचा, ती जागा तेवढी बदलली. आवाजाच्या सलग धारेतून शब्द पाडण्याचे काम कानापेक्षा मनच अधिक करते, आणि कोणी आधी सुचवून ठेवले असेल तर मन नेमके तेथेच तोडते.

आता पाश्चात्त्य देशांत काय घडले ते पाहू. १९६६ साली बीटल्स या इंग्रज गायकमंडळीने 'रेन' या गाण्याच्या शेवटी आवाज मुद्दाम उलटा जोडला. तो नादाचा उघड प्रयोग होता. पण १९६९ साली अमेरिकेतील डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रावर चर्चा सुरू झाली, की त्यांच्यापैकी पॉल मॅकार्टनी मरण पावला असून तबकडी उलटी लावल्यास त्याची खूण पटते. मॅकार्टनी जिवंत होता आणि पुढे अनेक दशके गात राहिला. १९८२ साली तर कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या समितीपुढे लेड झेपेलिन या मंडळीचे गाणे उलटे वाजवून दाखवण्यात आले.

पुढचे प्रकरण दुःखद आहे. डिसेंबर १९८५ मध्ये नेवाडा राज्यातील दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. एक तेव्हाच गेला, दुसरा १९८८ साली. त्यांच्या घरच्यांनी जूडास प्रीस्ट या गायकमंडळीवर दावा लावला. तबकडीत 'कर, करून टाक' असा छुपा आदेश आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९० साली रीनो येथे खटला चालला. गायकाने स्वतःच्याच तबकड्या उलट्या लावून, त्यांत खुर्ची मोडल्याची तक्रार कशी 'ऐकू येते' ते न्यायालयाला दाखवले. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. तो कथित आदेश म्हणजे गाताना सुटलेला श्वास आणि गिटारचा एक सूर यांचा योगायोग ठरला. त्या मुलांच्या घरची ओढाताण आणि व्यसने मात्र त्याच न्यायालयापुढे आली होती. आईबापांचे दुःख खरे होते. पण तबकडीत कारण शोधणारा समाज त्या मुलांच्या उघड दिसणाऱ्या आयुष्याकडे वेळेवर पाहायला विसरला, असे मला वाटते.

या वादात शास्त्राचा कौल स्पष्ट आहे. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाच्या व्होकी आणि रीड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना उलटी वाक्ये ऐकवली. बोलणारा पुरुष की स्त्री, हे लोकांना ओळखता आले. पण वाक्य बालगीताचे, धर्माचे की जाहिरातीचे, हे नुसत्या अंदाजाने जितके जमावे तितकेच जमले. मात्र 'अमुक शब्द ऐका' असे आधी सांगितले, की बहुतेकांना तो ऐकू येऊ लागला!

आमच्या गेटसभेत हेच पाहायला मिळते. वक्ता म्हणतो, 'कामावर जाऊ नका, असे कोणी सांगितले?' वारा उलटा असला की मागच्या रांगेला पहिले तीनच शब्द पोचतात. तेवढ्यात कोणीतरी 'संप जाहीर झाला' म्हणतो, आणि मग शंभर जण शपथेवर सांगतात की आम्ही तेच ऐकले. हे लोक खोटे बोलत नसतात. पण त्यांच्या साक्षीवर एखाद्याची भाकरी जाऊ शकते.

म्हणून कोणी ध्वनिफीत आणून 'ऐका, तो काय म्हणतो' असे सांगू लागला, तर त्याला आधी गप्प करा. पाच जणांना वेगवेगळे बसवून ऐकवा आणि काय ऐकू आले ते प्रत्येकाला कागदावर लिहायला लावा. पाचही कागद जुळले तर पुढे चौकशी करा. पाच तऱ्हा निघाल्या तर तो संदेश फितीतला नव्हे, आणणाऱ्याच्या मनातला समजा. फीत सरळ असो की उलटी, ही कसोटी सारखीच चालते, आणि तिला खर्च म्हणाल तर पाच कागदांचा.