लोधीखेड्याचे विद्यापीठ कोणते?

विद्यापीठ म्हटले की डोळ्यांपुढे एक आवार उभे राहते. कमानीचे प्रवेशद्वार, झाडांच्या रांगा, ग्रंथालयाची इमारत, वसतिगृहे आणि कुलसचिवांच्या कचेरीबाहेरचा सूचनाफलक. या आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची बातमी मुद्दाम मिळवावी लागत नाही. परीक्षा आठ दिवस पुढे गेली, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे राहणार, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत शनिवारी संपते, हे सारे त्याला भोजनगृहातील बाकावर बसल्या बसल्या कळते. परंतु भारतातील बहुसंख्य विद्यार्थी अशा आवारात राहत नाहीत. ते संलग्न महाविद्यालयांत शिकतात, आणि त्यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेच्या माथ्यावर छापलेले एक नाव असते. त्या नावाने निघालेली सूचना त्यांच्यापर्यंत केव्हा, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या हातून पोचते, यावर त्यांचे अख्खे वर्ष अवलंबून असते.

ही गोष्ट नीट उमगावी यासाठी लोधीखेडा या गावाकडे पाहावे. नागपूरहून सावनेर आणि केळवद मागे टाकून छिंदवाड्याच्या वाटेला लागले, की राज्याची सीमा ओलांडताच सौंसर तहसील लागते. लोधीखेडा या तहसिलीतले. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तेव्हा सौंसरबरोबर हे गावही छिंदवाडा जिल्ह्यातून निघून त्यात गेले. मुलूख संत्र्याचा आणि कापसाचा, घरातील बोली मराठी, कचेरीची भाषा हिंदी. सरळ रेषेत मोजले तर दक्षिणेस नागपूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि उत्तरेस छिंदवाडाही जवळजवळ तेवढाच. फरक इतकाच, की नागपूरची वाट सखल प्रदेशातून जाते आणि छिंदवाड्याची सातपुड्याचा घाट चढून. बाजार, दवाखाना, सोयरीक या बाबतींत गावाचा कल कोणीकडे असेल, हे वेगळे सांगायला नको.

विद्यापीठाच्या बाबतीत मात्र या गावाचा शेजार फार वेळा बदलला. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. तेव्हा नागपूर हीच मध्य प्रांताची राजधानी असल्यामुळे छिंदवाडा जिल्हाही स्वाभाविकपणे त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली आला. सौंसरकडच्या ज्या थोड्या घरांची ऐपत होती, त्यांचा मुलगा छोट्या गाडीने नागपूरला जाई आणि हिस्लॉप किंवा मॉरिस महाविद्यालयात नाव घाली. पुढे १८ जुलै १९४६ रोजी डॉ. हरिसिंह गौर यांनी स्वतःच्या मिळकतीतून सागर येथे विद्यापीठ काढले. येथे दैवाची एक गंमत आहे. गौर हे मूळ सागरचे. त्यांच्या विद्यार्थिदशेत उच्च शिक्षणासाठी त्यांना सागर सोडून नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात यावे लागले होते. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आपल्या गावच्या मुलांना एवढी पायपीट पडू नये, या कळकळीने त्यांनी सागरचे विद्यापीठ उभारले, आणि त्या विद्यापीठाचे क्षेत्र आखताना नागपूरच्या उंबरठ्यावरील छिंदवाडा जिल्हा सागरला जोडला गेला. लोधीखेड्याहून सागर सरळ रेषेतही सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. सागरच्या मुलाची पायपीट वाचली, ती सौंसरच्या मुलाच्या वाट्याला आली! यात गौरांचा दोष नाही. क्षेत्र आखणाऱ्यांपुढे नकाशा होता, आगगाडीचे वेळापत्रक नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि विद्यापीठाची सीमा ती राज्याचीही सीमा झाली. २००९ साली सागरचे विद्यापीठ केंद्रीय झाले, त्यानंतर छिंदवाड्याची महाविद्यालये जबलपूरच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयाकडे गेली. शेवटी २०१९ साली छिंदवाड्यासच विद्यापीठ झाले. १८५७ साली जबलपूर येथे पुत्र रघुनाथ शाह यांच्यासह तोफेच्या तोंडी दिल्या गेलेल्या राजा शंकर शाह यांचे नाव आता त्याला आहे. म्हणजे शंभर वर्षांत नागपूर, सागर, जबलपूर आणि छिंदवाडा अशी चार विद्यापीठे या एका गावावरून गेली. गाव जागचे हलले नाही.

एकेकाळी विद्यापीठाची बातमी वर्तमानपत्रातून मिळत असे. परीक्षांचे निकाल आसनक्रमांकानिशी छापून येत. निकालाच्या दिवशी स्टेशनावर गठ्ठा उतरण्यापूर्वीच माणसे जमत. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, त्याचेही कार्यक्रम या भागात ऐकू येऊ लागले. पण अडचण अशी, की सौंसरचे मराठी घर नागपूरचे पत्र वाचणार आणि नागपूरचे केंद्र ऐकणार, तर त्यात बातमी नागपूर विद्यापीठाची असणार. त्या घरातील मुलाची परीक्षा मात्र सागरची किंवा जबलपूरची. ज्या विद्यापीठाची बातमी दारात येते ते आपले नव्हे, आणि जे आपले त्याची बातमी दुसऱ्या गावच्या दुसऱ्या भाषेतील पत्रात, असा हा उलटा संसार होता.

आता सूचना संगणकावर येते आणि अंतराचा प्रश्न सुटला असे वाटते. बऱ्याच अंशी तो सुटलाही आहे. मध्य प्रदेशात २००६ पासून ‘एमपी ऑनलाइन’ची सेवा आहे. तिच्या केंद्रात परीक्षेचा अर्ज भरता येतो, शुल्क भरता येते, प्रवेशपत्र काढून मिळते. परंतु अंतर तुटले तरी भाषा उरते, आणि येथे खरी मौज व खरी हानी दोन्ही आहेत. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, शब्दही पुष्कळसे एक, पण अर्थ कित्येकदा निराळे. ‘समय-सारणी में संशोधन’ असा मथळा पाहून शाळा हिंदीत न झालेल्या मराठी वडिलांना वाटावे, की वेळापत्रकावर कोणी विद्वान शोध करीत आहेत. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती किंवा बदल. अर्थात पेपरची तारीख बदलली आहे, ती ताबडतोब पाहायला हवी. ‘अवकाश’ म्हणजे हिंदीत सुट्टी. मराठीत एखाद्या गोष्टीला अवकाश आहे, म्हणजे तिला अजून वेळ आहे. ‘दावा-आपत्ति आमंत्रित’ या शब्दांत कोणतेही संकट बोलावलेले नसते. तात्पुरत्या यादीविरुद्ध हरकत घ्यायची असेल तर अमुक तारखेपर्यंत घ्या, एवढाच त्याचा अर्थ असतो. ती तारीख गेली की यादी पक्की होते. निकालात ‘पूरक’ असे आले तर मराठी कानाला शब्द पौष्टिक लागतो. प्रत्यक्षात त्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यावयाची असते. महाराष्ट्रात तिला पुरवणी परीक्षा म्हणतात.

पदांच्या नावांतही असाच घोटाळा दीर्घकाळ होता. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल आणि विद्यापीठाचा कारभार पाहणारे ते कुलगुरू. मध्य प्रदेशात राज्यपालांना कुलाधिपती म्हणत आणि कारभार पाहणाऱ्यांना कुलपती. तक्रार ‘कुलपतींकडे’ करावी, असा सल्ला सीमेच्या अलीकडे एका माणसाकडे नेई आणि पलीकडे दुसऱ्याकडे. २०२४ साली मध्य प्रदेश शासनाने कुलपती हे नाव बदलून कुलगुरू करण्याचा निर्णय घेतला. तेवढ्यापुरता सीमेवरील विद्यार्थ्याचा एक गोंधळ कमी झाला.

शाळा हिंदीतून शिकलेल्या मुलास छिंदवाड्याची सूचना वाचताना अडचण पडत नाही, हे खरे. त्याची अडचण तो नागपूरला गेल्यावर सुरू होते, आणि तीही एका कागदावरून. नागपूरचे महाविद्यालय त्याच्याकडे ‘स्थलांतर प्रमाणपत्र’ मागते. मुलगा घरी येऊन ‘स्थानांतरण प्रमाण-पत्र’ नेतो, कारण दोन्ही शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात. पण हिंदीतील स्थानांतरण प्रमाण-पत्र म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो शाळेचे मुख्याध्यापक किंवा महाविद्यालयाचे प्राचार्य देतात. मराठीतील स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे हिंदीतील ‘प्रव्रजन प्रमाण-पत्र’. ते शाळा देत नाही. बारावीनंतर ते भोपाळच्या माध्यमिक शिक्षा मंडळाकडून मिळते आणि पदवीनंतर त्या त्या विद्यापीठाकडून. हा विद्यार्थी आता आमच्याकडे नाही, त्याने अन्यत्र नाव घालण्यास आमची हरकत नाही, असे आधीच्या परीक्षा-संस्थेने दिलेले ते लेखी वचन असते. परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश आरंभी तात्पुरता असतो. या कागदावरून विद्यापीठ त्याची पात्रता तपासते आणि मग प्रवेश पक्का होतो. कागद दिला नाही तर कित्येकदा वर्ष निघून जाते, परीक्षाही होते, आणि निकालाच्या दिवशी नावापुढे ‘राखून ठेवला’ असे शब्द येतात. घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेले असेल, तर या दोन शब्दांचा अर्थ नापास असा घेतला जातो, आणि मुलीच्या बाबतीत तर शिक्षण तेथेच थांबण्याचा संभव असतो. वस्तुतः नापास होण्याचा आणि याचा काही संबंध नाही. राहिलेला कागद द्यावा, निकाल मोकळा होतो.

सीमेवरचा प्रत्येक मराठी विद्यार्थी महाराष्ट्राच्या दृष्टीने सारखा आहे, अशीही समजूत आढळते. ती बरोबर नाही. कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सवलत आहे. सौंसर-पांढुर्ण्याबद्दल असा वाद उभा नाही, त्यामुळे अशी सवलतही नाही. मातृभाषा मराठी असली तरी प्रवेशाच्या यादीत तो परराज्यातील उमेदवार ठरतो. वाद नसणे हे गावाचे भाग्यच म्हणायचे, पण त्याची किंमत विद्यार्थ्याने मोजावी हे थोडे विचित्र आहे. शिष्यवृत्तीची गोष्ट याच्या उलट. अनुसूचित जातींसाठी असलेली दहावीनंतरची शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी त्या राज्याने द्यायची असते, मग तो कोठेही शिको. लोधीखेड्याच्या मुलाने नागपुरात प्रवेश घेतला तरी त्याने अर्ज मध्य प्रदेशाकडे करायचा. नागपूरच्या फलकावर त्याच्यासाठी त्याची तारीख लागेलच असे नाही.

सर्वांत दूर राहतो तो ‘स्वाध्यायी’ विद्यार्थी. मध्य प्रदेशात वर्गात न बसता परीक्षा देणाऱ्यास हे नाव आहे. मराठीत त्याला बहिःस्थ म्हणतात. शेतीवर किंवा दुकानात काम करून, लग्नानंतर संसार सांभाळून पदवी घेणारे हे लोक. त्यांना प्राध्यापक नाही, वर्गमित्र नाही, फलकही नाही. अर्जाची मुदत आधी साध्या शुल्काची, नंतर विलंब शुल्काची, मग खिडकी बंद. एक सूचना हुकली की पुढचे वर्ष.

यावर नभोवाणी हा उपाय सुचण्यासारखा आहे, आणि तो जगात केव्हाच करून पाहिला गेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९२१ साली आपल्या प्रक्षेपकावरून शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वृत्त बोलून सांगण्यास आरंभ केला. सारे राज्य हेच आपले आवार, अशी त्या विद्यापीठाची धारणा होती. भारतात आवारातील नभोवाणीचा आरंभ चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने १ फेब्रुवारी २००४ रोजी केला, आणि पाठोपाठ पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ सुरू झाली. परंतु अशा केंद्राला जेमतेम पन्नास वॅट शक्तीचा प्रक्षेपक मिळतो आणि त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे जात नाही. शिवाय या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की थांबतात. छिंदवाड्याच्या आवारात उद्या असे केंद्र निघाले तरी सातपुड्याच्या धारेखाली असलेल्या लोधीखेड्यात त्याचा एक शब्दही पोचणार नाही. खाजगी नभोवाणी केंद्रांबद्दलच्या २०११ सालच्या धोरणात एक मजेदार कलम आहे. या केंद्रांना स्वतःचे वृत्त देण्याची परवानगी नाही, पण परीक्षा, निकाल, प्रवेश आणि नोकरीच्या संधी यांची माहिती देता येते, कारण ती ‘बातमी’ मानलेली नाही. विद्यार्थ्याला विचारावे, याहून मोठी बातमी ती कोणती?

तेव्हा लोधीखेड्यापुरती सोय जवळच हवी. सौंसर आणि पांढुर्णा येथे शासकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या दारातील फलकावर छिंदवाड्याची सूचना हिंदीत लागतेच. तिच्याखाली मुदत, शुल्क आणि लागणारे कागद एवढ्या तीन ओळी मराठीत लिहिल्या तर खर्च खडूचा. सौंसरच्या बाजारास आलेला बाप ती वाचून घरी जाऊन सांगू शकतो. रॅगिंगची तक्रार करण्यासाठी मात्र फलकाची वाट पाहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या व्यवस्थेतील १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र चालतो, आणि राज्य कोणते हा प्रश्न तेथे येत नाही.

२०२१ पासून ‘शैक्षणिक श्रेयांक पेढी’ ही नवी व्यवस्था आली आहे. पेढीत पैसे ठेवावेत तसे उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खाती जमा होतात, सर्वसाधारणपणे सात वर्षे टिकतात आणि दुसऱ्या विद्यापीठात जाताना बरोबर नेता येतात. सीमेवरील विद्यार्थ्यास ही व्यवस्था विशेष उपयोगाची आहे. प्रवेशाचे नियम त्याने बदलत नाहीत, पण शिकलेले वाया जात नाही. खाते उघडताना नाव आधारपत्राशी जुळावे लागते, आणि पुष्कळांची वाट येथेच अडते. मराठी आडनाव, हिंदी शाळेच्या दप्तरातील त्याचे लेखन आणि इंग्रजी अक्षरांतील तिसरेच रूप, असे एका मुलाचे तीन अवतार झालेले असतात. आधारपत्रातील चूक आधार केंद्रात सुधारता येते, दहावीच्या अंकसूचीतील चूक भोपाळच्या मंडळाकडून सुधारून घ्यावी लागते. ते काम महिन्यांचे आहे. म्हणून ते बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतच हाती घ्यावे, प्रवेशाच्या रांगेत उभे राहिल्यावर नव्हे.