गीझरची नळी तपासली. हवा तपासली का?

भाड्याचे घर पाहायला गेले की मोठी माणसे भाडे, अनामत आणि पाण्याची वेळ विचारतात. त्या घराच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, तर वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन तुम्हीही दोन गोष्टी तपासून पाहा.

पहिली गोष्ट गळतीची. गीझर बंद ठेवून सिलिंडरचा रेग्युलेटर सुरू करा. नळीवर आणि तिच्या जोडांवर साबणाचे दाट पाणी लावा. बुडबुडे वाढू लागले, तर तेथून गॅस निसटतो आहे. काडी पेटवून गळती कधीही शोधू नये! हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्यात मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनमुळे त्याला उग्र वास येतो. वास आला, तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि १९०६ या क्रमांकावर कळवा.

बुडबुडे आले नाहीत, म्हणजे गीझर निर्धोक ठरला का? नाही. थोडे गणित करू.

बादलीभर म्हणजे २० लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवायला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम गॅसपासून सुमारे ११ किलोकॅलरी मिळतात. वाया जाणारी उष्णता धरली, तर सुमारे ५५ ग्रॅम गॅस जळतो. तो सगळा ब्यूटेन मानला, तर त्याचे आकारमान सुमारे २३ लिटर भरते. एक लिटर ब्यूटेन पूर्ण जळण्यास ३१ लिटर हवा लागते. म्हणजे एका बादलीसाठी सुमारे ७०० लिटर हवा! पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच न्हाणीघरात जेमतेम ४,५०० लिटर हवा मावते. दार-खिडकी बंद असेल, तर एका बादलीतच सुमारे सहाव्या हिश्श्यातील ऑक्सिजन संपतो. घरातील माणसे एकामागून एक स्नान करू लागली, तर?

ऑक्सिजन अपुरा पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि कडी उघडण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. नळी अगदी धड असली, तरीही हे घडते.

म्हणून दुसरी तपासणी हवेची. बाहेरची हवा आत येण्यास कायम उघडी जाळी आहे का? जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे आहे का? ज्योत पिवळी दिसते का, काजळी धरली आहे का? पिवळी ज्योत धोक्याची खूण आहे. पण निळी ज्योत म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. सर्वांत उत्तम म्हणजे गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे. घरमालकांकडे तसा आग्रह धरायला हवा.

कोणी आत बेशुद्ध पडलेच, तर दार सताड उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आता मोजपट्टी घ्या आणि तुमच्या न्हाणीघरात किती बादल्यांपुरती हवा आहे, ते काढून पाहा.